घाटाच्या अलीकडे

माळावर उडती रुग्णवाहिका उतरली तेव्हा बायडाबाई मेंढीच्या कासेला हात लावून बसली होती. पंख्यांच्या वाऱ्यानं धुळीचा लोट उठला, मेंढरं उधळली, घोडीनं दावं तोडलं आणि बायडाबाईचा दीर सिदा याच्या डोक्यावरचा पटका उडून बाभळीत अडकला. पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं स्ट्रेचर घेऊन पळत आली.

"पेशंट कुठाय?"

बायडाबाईनं मान खाली घातली. तिच्या पुढ्यात काळ्या तोंडाची मेंढी आडवी पडून कण्हत होती आणि तिच्या पोटाला निळा पट्टा घट्ट आवळलेला होता.

ती दोन माणसं एकमेकांकडं बघत राहिली. मग त्यातल्या एकानं स्ट्रेचर खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला.

हा निळा पट्टा बायडाबाईच्या सुनेचा होता. सुनेचं नाव शिवन्या. सून म्हणायची एवढंच, एरवी ती बायडाबाईच्या सख्ख्या भावाची लेक. अंगाखांद्यावर खेळवलेली पोर घरात आणली होती, म्हणून ती सासूला अजून आत्याच म्हणायची. शिवन्याला दिवस गेले तेव्हा या मेंढपाळांचा तळ माणदेशातच होता. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी तो पट्टा तिच्या पोटाला बांधून दिला आणि सांगितलं, "दिवाळीनंतर तुम्ही मेंढरं घेऊन कोकणात जाणार. जिथं असाल तिथनं हा आम्हाला सांगत राहील."

काय सांगत राहील, हे शिवन्यानं आत्याला समजावलं होतं. ती बारावीपर्यंत शिकलेली. गर्भाची पिशवी म्हणजे एक स्नायू. त्याचे लाखो बारीक कण. पोटुशी बाई चालत असते, भाकरी थापत असते, तेव्हा हे कण आपापल्या परीनं कुजबुजत असतात. एकाचा दुसऱ्याला पत्ता नसतो. पण बाळंतपण जवळ आलं की कणाकणाच्या मधली दारं उघडायला लागतात. एकाची हाक दुसऱ्याला जाते, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि शेवटी सगळी पिशवी एका दमात आवळते. त्याच कळा. कळा बाईला कळतात, पण दारं उघडायला लागलेली तिला कळत नाहीत. ती पट्ट्याला कळतात, दोन दोन, तीन तीन दिवस आधी.

"म्हंजी मेंढरं कशी," बायडाबाई म्हणाली होती, "हिकडं तिकडं तोंड करून चरत असत्यात. आन लांडगा याच्या आधी एक मान वर करती, मग दुसरी, मग समदा कळप एकाच दिशंला बघाया लागतो. माणसाला काय सुदिक दिसत नसतं तवर."

"अगदी तसंच, आत्या."

बायडाबाईला ते पटलंही आणि नाहीही. ती जन्मभर मेंढ्यांची बाळंतपणं करत आलेली बाई. तिच्या हातून कोकरू सहसा दगावत नसे, आणि त्याचा तिला ताठाही होता. यंत्र म्हणजे काय आभाळातून पडलंय? पारखून घ्यावं. म्हणून शिवन्या ओढ्यावर अंघोळीला गेली आणि पट्टा घोंगड्यावर काढून ठेवला, तेव्हा तिनं तो काळ्या तोंडाच्या मेंढीला बांधला. ती मेंढी दिवस मावळायच्या आत विणार हे बायडाबाईला पक्कं ठाऊक होतं. कास टम्म झाली होती, शेपटीखालची हाडं सैल पडली होती. बघू या, ह्याला काय कळतंय.

त्याला सगळं कळलं. आणि त्यानं ते तिकडं शहरातल्या केंद्राला कळवलंही.

मेंढी दिवस मावळायच्या आत व्याली. पण त्या दिवसापासून तळावर बायडाबाईला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. वाटेत दुसरा तळ भेटला की सिदा मुद्दाम ओरडून सांगायचा, "आमच्या मेंढ्यांला इमान येतंय न्यायला! तुमच्यांला काय येतंय?" तिचा नवरा धुळा हा तळाचा कारभारी. मुक्काम कुठं टाकायचा, घाट कधी उतरायचा हे त्याच्या शब्दावर चालायचं. तो हसला नाही. त्याला ते फार लागलं. "मला धा गावच्या तोंडी दिलंस," एवढंच तो म्हणाला.

केंद्रावरच्या डॉक्टरबाईंचं नाव शबनम मुजावर. त्यांनी शिवन्याच्या मोबाइलवर समोरासमोर बोलून बायडाबाईची चांगलीच हजेरी घेतली. "मावशी, त्याच वेळी दुसरीकडं एक बाई अडली असती तर?"

 बायडाबाई खजील झाली होती, त्यात वाद नव्हता. पण एक गोष्ट तिच्या मनात रुतून बसली आणि ती तिनं कुणाला सांगितली नाही. यंत्र मेंढीला चुकलं नव्हतं.

पुढं मुक्काम सरकत गेले. पट्टा सोलर चादरीवर चार्ज व्हायचा. ती चादर चालताना घोडीच्या पाठीवर बिऱ्हाडावर पसरलेली असायची. शिवन्याला सातवा लागला. घाटमाथ्यावर, जिथून कोकणात उतरायची जुनी वाट सुटते, तिथं तळ पडला. दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा होता. खालच्या शेतकऱ्यांनी मेंढरं शेतात बसवायचं बोलून ठेवलं होतं. रान खतावून घ्यायचं तर ते वेळेतच व्हायला हवं.

सकाळी भाकरी चालू होती आणि शिवन्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर डॉ. मुजावरच होत्या.

"शिवन्या, पोटात काही दुखतंय?"

"न्हाय मॅडम."

"पाणी गेलंय, डाग दिसलाय?"

"काहीच न्हाय. मस्त हाय मी."

"पट्ट्यात कालपासून थोडी हालचाल दिसतेय. पुढच्या दोन-तीन दिवसांत बाळंत होशील याची शक्यता यंत्र शंभरात चाळीस सांगतंय. कारभारी आहेत का जवळ? आणि मावशी?"

सगळे भोवती जमले. धुळा, सिदा, शिवन्याचा नवरा बिरू. बिरूच्या हातातली काठी खाली पडली ती त्यानं उचललीच नाही.

डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं. सातव्यातलं मूल वाचतं, पण लहान बाळांच्या मोठ्या दवाखान्यात. आणि बाळाला जन्मल्यावर गाडीत घालून न्यायचं यापेक्षा आईच्या पोटात असताना न्यायचं, हे कितीतरी बरं. पोटासारखी पेटी अजून कुणी बनवलेली नाही. घाटाच्या अलीकडनं डांबरी सडक आहे, शहर अर्ध्या दिवसावर. घाट उतरायला लागलं की मध्ये ना सडक ना रुग्णवाहिकेला टेकायला जागा. खाली पोचल्यावरही तसला दवाखाना जवळ नाही.

"मग धाडा की तुमचं इमान!" बिरू म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "नाही धाडता येत. साठच्या वर आकडा गेला तरच ती निघते. आधी आम्ही तीसलाही आणत होतो बायकांना. सगळे पलंग त्यांनीच भरले. दहातल्या सात जणी तशाच परत गेल्या, आणि जिला खरंच गरज होती तिला जागा मिळाली नाही. म्हणून ती रेघ आखली. ती चुकीची आहे असं मला म्हणता येणार नाही."

"मग आमी काय करायचं?" धुळानं विचारलं.

"तुम्ही तिला सडकेपर्यंत आणलंत, तर पुढच्या आरोग्य केंद्रात मी पहिलं इंजेक्शन तयार ठेवते. शहरात पलंगही धरून ठेवते, ते माझ्या हातात आहे. निघायचं की नाही, ते मात्र तुम्हाला ठरवावं लागेल."

"आकडा साठ झाल्यावर निघालो तर?"

"तेव्हा तुम्ही घाटात असाल. आणि इंजेक्शनला वेळ लागतो, दादा. तेच तर सगळं आहे. सातव्यातल्या बाळाचं फुप्फुस आतून ओलं, चिकट असतं. ओली प्लॅस्टिकची पिशवी फुंकून बघा, बाजू एकमेकींना चिकटून बसतात, तसं. बाळ श्वास घेतं, पण सोडला की फुप्फुस परत मिटतं. पुरे दिवस भरले की आत एक साबणासारखा थर तयार होतो, मग ते मिटत नाही. हे इंजेक्शन आईला दिलं की तो थर लवकर धरतो. पण पुरता धरायला दीड-दोन दिवस द्यावे लागतात. कळा सुरू झाल्यावर धावत आलात तर तेवढा वेळ मिळत नाही."

धुळा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "पोरगी धडधाकट दिसतीया," तो म्हणाला. "कळ न्हाय, काय न्हाय. नुसत्या आकड्यावर न्यायची? आन तिथं पंधरा दिस बसून रिकामं परत आल्यावर? मेंढीच्या पाठोपाठ सुनंचं बी. मी तोंड कुठं घालू?"

"दादा बरोबर बोलतूय," सिदा म्हणाला. "वहिनीला काय, इमानात बसायची हौस ऱ्हायलीया."

कुणी हसलं नाही. धुळा पुन्हा मोबाइलकडं वळला. "डॉक्टरबाई, तुमचं इंजेक्शन तरी खरं गुण देतंय का, का ते बी शंभरात चाळीस?"

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "तुम्ही विचारताय म्हणून सांगते. हे इंजेक्शन माणसांनी मेंढ्यांकडनं शिकलंय."

"काय म्हनता?"

"खरंच. पुष्कळ वर्षांमागं, समुद्रापलीकडच्या एका देशात, जिथं माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. तिथला एक डॉक्टर गाभण मेंढ्यांवर काम करत होता. त्या लवकर का वितात, हे शोधत होता. त्यानं हे औषध दिलं आणि अगदी कच्च्या दिवसांची कोकरं जन्मली. ती जगायची नाहीत असंच सगळे धरून होते. पण ती श्वास घेत होती. मग ते बायकांना द्यायला लागले. आज जगभर जी लवकर जन्मलेली बाळं श्वास घेतात, त्यातली कितीतरी त्या मेंढ्यांमुळं."

 मेंढरांच्या जाळीतून एक कोकरू ओरडलं. धुळानं नकळत तिकडं बघितलं. त्याची पाठ ताठ झालेली बायडाबाईला दिसली. बापजाद्यांपासून ज्यांच्या मागं उन्हातान्हात हिंडलो, ज्यांच्या वासावरून शाळेत पोरांना मागच्या बाकावर बसवलं, त्यांनी साऱ्या दुनियेच्या पोरांना श्वास दिला होता.

"मेंढीनं शिकवलं?" तो हळूच म्हणाला.

"मेंढीनं."

बायडाबाईला वाटलं, आता हा हो म्हणेल. पण अभिमान निराळा आणि निर्णय निराळा. धुळानं काठी या हातातली त्या हातात घेतली आणि पुन्हा घाटाकडं बघितलं. खाली शेतकरी वाट बघत होते. मेंढ्यांचा विण्याचा हंगाम होता. पोरीसोबत बायडाबाईसारखा सरावाचा हात काढून न्यायचा तर कोकरं दगावणार. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायडाबाई पुढं झाली. चार माणसांत नवऱ्याला आडवं बोलायची तिची रीत नव्हती.

"अवं, एक इचारू? काल मागच्या वस्तीवर तीन मेंढ्या कशापायी ठिवल्या?"

"कशापायी म्हंजी? त्या घाटात व्याल्या असत्या तर? कोकरू दरीत जायाचं."

"घाटात याणार हुत्या, असं ठाव हुतं तुमास्नी?"

"ठाव कसं असंल? संशय हुता. संशयाची मेंढी घाटात न्हेत न्हाईत."

"त्यातली एखादी अजून पंधरा दिस व्याली न्हाई, तर? तिला हसाल?"

"मेंढीला कोण हसतंय?"

"मग माज्या पोरीला का हसायचं?" बायडाबाईचा आवाज चढला. "संशयाच्या मेंढीला मागं ठिवताना तुमी तिला दुकतंय का इचारलं न्हाई. समद्या दुकायच्या आदीच ठिवल्या. त्यातली एक जरी खरी निघाली तरी कोकरू हाती लागतं, आन दोन खोट्या निघाल्या तरी वाळल्या पाल्याशिवाय काय जात न्हाई. ह्यो हिशेब तुमाला मेंढीचा कळतो. सुनंचा न्हाई कळत?"

सिदा जमिनीकडं बघू लागला. 

"ते यंत्र," बायडाबाई पुढं म्हणाली, "मी मेंढीला बांदलं तवा समदे हसलात. पर खरं बोललं का न्हाई ते? त्याला मेंढी कळली, तर ही न्हाई कळायची?"

"मावशी, मेंढीचं आणि बाईचं गणित अगदी एक नाही," डॉक्टरबाई जपून म्हणाल्या. "मेंढीचं बरोबर आलं म्हणून शिवन्याचं येईलच, असं नाही. चाळीस म्हणजे चाळीसच."

"असू दे चाळीस. धा असतं तर नसते निघाले. चाळीसला आमी घाट उतरत न्हाई." ती शिवन्याकडं वळली. "काय गं? पोट तुजं हाय. तू बोल."

शिवन्या मघाशीच मोबाइल बिरूकडं देऊन बाजूला झाली होती आणि आता चुलीपाशी होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले आणि उठली. "मी मघाच गाठोडं बांदलंय, आत्या. पर तू येऊ नगंस. तू गेलीस तर कोकरं कोण बघंल?"

"गजरा बघंल," बायडाबाई म्हणाली. गजरा ही सिदाची बायको. "आन एखादं दगावलं तर माज्या नावानं दगावलं. गजरे, आडवं आलेलं कोकरू वडू नगंस, आदी आत ढकल. कळलं?"

"कळलं, जाऊबाई. जावा तुमी."

धुळानं डोक्यावरचा पटका नीट केला.  घोडीवरचं बिऱ्हाड त्यानं स्वतः उतरवलं, वर दुहेरी घोंगडं घातलं आणि शिवन्याला बसवून सडकेपर्यंत लगाम स्वतःच धरला.

आरोग्य केंद्रात इंजेक्शन मिळालं. शहरात पलंग मिळाला. बायडाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाय ठेवला आणि भिंतीला धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुसरं इंजेक्शन झालं. शिवन्याला कळ नव्हती, काही नव्हतं. पलंगावर पाय हलवत ती शेजारणीशी गप्पा मारत बसली होती. संध्याकाळी सिदाचा फोन आला.

"वहिनी, काय खबर? याली का न्हाई?"

"न्हाई याली."

"आमी अजून वरच हाय. दादा म्हनतूय घोडीचा खूर दुकतूय. म्या बघितला, काय बी झालं न्हाई खुराला."

बायडाबाईनं फोन ठेवला आणि खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर गाड्याच गाड्या होत्या. आपण चूक केली असेल का, हा विचार तिला आला आणि तिनं तो हाकललाही नाही. आला तसा बसू दिला. चूक असली तर असली. त्या चुकीपायी पोर दगावलं, असं तर कुणाला म्हणता येणार नव्हतं. ज्या बाजूला चुकायचं ती बाजू तिनं स्वतः निवडली होती. त्या रात्री तिला स्वस्थ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याची ताटली हातात असताना, शिवन्या एकदम थांबली. "आत्या," ती म्हणाली, आणि तिनं पोट धरलं. तिच्या चेहऱ्यावरून बायडाबाईला सगळं समजलं.

मग पळापळ झाली. दार बंद झालं. बायडाबाई दारापाशी जमिनीवर बसली, खुर्ची असताना. आतून आवाज येत होते ते यंत्रांचे. माणसं हळू बोलत होती. मग एक आवाज आला, मांजरीच्या पिलासारखा, बारीक, चिरका, रागावलेला. थांबला. परत आला. परत थांबला नाही.

डॉ. मुजावर बाहेर आल्या. मोबाइलवर दिसायच्या त्यापेक्षा ठेंगण्या होत्या. "मुलगी आहे, मावशी. श्वास आपला आपण घेतेय. थोडी मदत लागेल, पण फुप्फुस मिटत नाहीये."

"किती हाय?"

डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली.

बायडाबाईनं धुळाला फोन लावला. तिला खूप काही बोलायचं होतं. मेंढी, यंत्र, सिदाचं हसू, सगळ्याचा वचपा काढायचा होता. धुळाचा आवाज आल्यावर ते सगळं कुठल्या कुठं गेलं. "नात झाली तुमास्नी. आपली आपण दम घेतीया." 

धुळा आणि बिरू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. शिवन्याला ताप होता, ती झोपून होती. एवढ्याशा बाळाला पेटीपेक्षा माणसाच्या उघड्या छातीची ऊब जास्त मानवते, असं सिस्टरनं सांगितलं होतं. सकाळपासून बायडाबाई बाळाला लुगड्याच्या आत छातीशी बांधून बसली होती. बिरूनं हात धुतले, सदरा काढला आणि बाळाला छातीशी घेऊन तासभर बसला. मग सिस्टरनं धुळाकडं बघितलं.

"आजोबा, तुमची पाळी."

"माजी?" धुळा मागं सरकला. त्यानं स्वतःचे हात पुढं करून बघितले. काठी धरून, दोर ओढून घट्टे पडलेले, कितीही धुतले तरी रेघांत काळे. "ह्या हातानं?"

"हातांचं काम न्हाई," बायडाबाई म्हणाली. "छातीचं हाय. बसा."

तो बसला. पटका, सदरा काढून ठेवला. पिकल्या केसांच्या त्या रुंद, उन्हानं रापलेल्या छातीवर सिस्टरनं नातीला पालथी ठेवली आणि वरून फडकं बांधलं. धुळा श्वास रोखून बसला. बाळानं तोंड इकडं तिकडं केलं, मुठी आवळल्या आणि आजोबाच्या छातीबरोबर तिचीही इवलीशी पाठ वरखाली व्हायला लागली. तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

कडेला ठेवलेला त्याचा फोन वाजला. बायडाबाईनं तो त्याच्या कानाशी धरला. सिदा होता, आवाज साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढा.

"दादा, खालची मानसं फोनावर फोन करत्यात! मेंढरं तटून हुबी हायती. घाट कवा उतरायचा?"

"वरडू नगंस," धुळा कुजबुजला.

"आरं पर कवा निगतूस तू तिथनं?"

ज्याच्या शब्दावर सारा तळ चालायचा आणि थांबायचा, त्या कारभाऱ्यानं मान वाकवून छातीवरच्या टाळूकडं बघितलं.

"ही सांगंल तवा," तो म्हणाला.